इमारत बाहेर उभी असताना आत काय टांगायचं?

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. तुम्ही सहा मित्रमैत्रिणी, आर्किटेक्चरची डिग्री घेऊन तीन वर्षं झालेली. फोर्टातला एक हॉल जानेवारीत आठ दिवस मिळतोय, म्हणजे हातात पाच महिने आहेत. खिशात चार लाख. मुंबईत गेल्या दहा वर्षांत झालेल्या सार्वजनिक कामांचं प्रदर्शन भरवायचंय: स्टेशनं, पूल, बागा, शौचालयं, सरकारी घरं. यादी तीस कामांची झालीय. कचेऱ्यांकडून ड्रॉइंग मिळत नाहीत, गुळगुळीत थ्रीडी व्ह्यू तेवढे मिळतात. आणि पैसे मॉडेलवर घालायचे की स्क्रीनवर, यावरून तुमच्यात जुंपलीय.

मॉडेल की स्क्रीन याचं उत्तर खाली येईल, पण तुमची खरी अडचण ती नाही. चित्रांच्या प्रदर्शनात अस्सल वस्तू भिंतीवर असते. वस्तुसंग्रहालयात बहुधा बाहेर कुठे न उरलेली गोष्ट असते. तुमची अस्सल वस्तू मात्र रस्त्यावर उभी आहे, फुकट आहे, आणि बघायला येणारा माणूस सकाळीच तिच्यावरून चालून आलाय. त्याला त्याच पुलाचा संध्याकाळच्या उजेडातला फोटो दाखवून काय साधणार? पाणी कुठे साठतं, कुठला दिवा लागत नाही, कुठली फरशी पायाखाली हलते, हे सगळं त्याला तुमच्याआधी माहीत आहे. तेव्हा प्रश्न असा घ्या: रोज वापरणाऱ्यालाही जे दिसलेलं नाही, असं या कामात काय आहे? मॉडेल, स्क्रीन, फोटो, जागा, बाकी सगळं त्यातून ठरतं.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. बावीस वर्षं प्रदर्शनांची मांडणी करते, त्यातली पहिली काही वर्षं नुसती चकाचक मांडणी करण्यात गेली. बांद्रा स्टेशन ते कलानगर हा मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ साली सुरू झाला. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी स्कायवॉकविषयी एक लहानसं प्रदर्शन मांडलं होतं. मधोमध सहा फुटी पांढरं मॉडेल, वर अॅक्रिलिकची पेटी, दिवे अगदी मनासारखे. दुसऱ्या दिवशी दुपारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले, हातात भाजीची पिशवी. पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला विचारलं, "पायऱ्या किती आहेत?"

मी वाकून पाहिलं. मॉडेलमध्ये जिन्याच्या जागी एक सपाट तिरकी पट्टी होती. त्या स्केलला पायऱ्या कापत बसण्यापेक्षा मॉडेलवाल्याने पट्टी चिकटवली होती, आणि ती पास मीच केली होती. "असतील सत्तर-ऐंशी," मी म्हटलं. "असतील म्हणजे? मी रोज मोजतो," ते म्हणाले, आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "मध्ये दोनदा थांबतो." मी तो आकडा पेन्सिलने कॅप्शनखाली लिहिला. संध्याकाळी हॉलचा रखवालदार सांगत आला, "मॅडम, सगळे तिथेच उभे राहून वाद घालतायत. कोणी म्हणतं कमी, कोणी म्हणतं जास्त." मॉडेलला ऐंशी हजार लागले होते. पेन्सिल रखवालदाराचीच होती.

तेव्हापासून माझा नियम आहे: जिथे जिना आहे तिथे पायऱ्यांचा आकडा, आणि तो स्वतः चढून मोजलेला.

आता 'न दिसलेलं' म्हणजे काय, ते जवळून बघू. अंधेरीचा गोखले पूल घ्या. २०१८ च्या जुलैमध्ये त्याचा एक भाग रुळांवर कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात पूल पूर्ण बंद झाला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंची जुळत नाही हे अख्ख्या मुंबईने पाहिलं. थट्टा भरपूर झाली. रुळांच्या वर सोडायची मोकळी उंची रेल्वेच्या नव्या नियमाने वाढली होती म्हणून नवा पूल वर गेला, एवढं कारण थोड्यांनाच कळलं. मग जॅक लावून बर्फीवाला पूल उचलला, एका बाजूने १,३९७ मिलीमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५०, आणि जुलैत दोन्ही जोडले गेले. याला थ्रीडी व्ह्यू लागतच नाही. एक लांबलचक सेक्शन, म्हणजे मधोमध उभं कापल्यावर आत जे दिसेल त्याचं ड्रॉइंग, पुरतो: खाली रूळ, त्यावर लोकल, मध्ये मोकळी उंची, वर जुना पूल तुटक रेषेत आणि नवा ठळक रेषेत, टोकाला बर्फीवाला आणि त्याखाली जॅक. आणि शेजारी भिंतीवर जमिनीपासून १,३९७ मिलीमीटरवर एक लाल पट्टी. कोणाच्या छातीला लागेल, कोणाच्या खांद्याला. सेक्शन म्हणजे काय हे समजावत बसावं लागणार नाही. अंधेरीकरांनी तो चार महिने रोज पाहिलाय, नाव तेवढं माहीत नव्हतं.

मेट्रो ३ चं उलट आहे. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी, २०२५ च्या मेमध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत. एवढं मोठं बांधकाम, पण रस्त्यावरून दिसतं ते दार आणि पाटी. इथे न दिसलेलं म्हणजे अख्खी इमारतच. तरीही फलाटाचे चकचकीत फोटो लावू नका, ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. एकच स्थानक घ्या आणि फुटपाथपासून फलाटापर्यंतचा रस्ता एका पट्टीवर काढा: किती खाली, कुठे सरकता जिना, कुठे साधा, लिफ्ट कुठल्या दाराला आहे आणि कुठल्या नाही. आजीला घेऊन जाणाऱ्याला त्यातून जे कळेल ते कुठल्याच जाहिरातीत नाही.

या अंगाने विचार केला की यादी आपोआप गळते. तीस कामं म्हणजे प्रत्येकाला एक पॅनेल, वर फोटो, खाली शंभर शब्द. बघणारा सातव्यानंतर पंख्याखाली जाऊन बसतो. मी तुमच्या जागी असते तर सात घेतली असती. आठसुद्धा चालतील, बारा नाही. निवडताना 'चांगलं काम' ही कसोटी लावू नका, त्यावरून तुमच्यात आणखी एक भांडण होईल. ज्या कामाबद्दल तुम्हाला स्वतःला 'हे असं का?' असा एक प्रश्न पडलाय आणि ज्याचं उत्तर पाच महिन्यांत हाती लागू शकतं, ते घ्या. आकार मुद्दाम लहानमोठे ठेवा. घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ साली सुरू झालेलं सुविधा केंद्र मेट्रोच्या शेजारी शोभेल का, असं तुमच्यातला कोणीतरी विचारेल. शोभेल. तिथे संडासाबरोबर आंघोळीची, कपडे धुण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय आहे, आणि धुण्याआंघोळीचं पाणी पुन्हा फ्लशला वापरतात. त्या पाण्याचा प्रवास एका भिंतीवर निळ्या रेषेने दाखवला तर पोरंसुद्धा बोट फिरवत उभी राहतात.

इथे एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे: प्रदर्शन कोणासाठी? आर्किटेक्ट मंडळींसाठी असेल तर मी सांगतेय त्यातलं अर्धं सोडून द्या, त्यांना डिटेल हवे असतात, ते वाकून वाचतात. त्याचा मोठा नमुना मुंबईने २०१६ साली पाहिलाय: राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी ते मार्च चाललेलं 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर'. राहुल मेहरोत्रा, रणजित होस्कोटे आणि कैवन मेहता हे त्याचे क्युरेटर. स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वास्तुकलेचा पट त्या चढत जाणाऱ्या गोल गॅलऱ्यांमध्ये मांडला होता, सोबत भाषणं, चर्चा. मी तीनदा गेले, तिन्ही वेळा वहीत काहीतरी उतरवून आले. पण त्यांच्याकडे दोन महिन्यांच्या वर वेळ होता. तुमच्या आठ दिवसांतला एक लावण्यात आणि अर्धा उतरवण्यात जाणार. त्याची लहान आवृत्ती करायला गेलात तर ना धड ते होईल ना हे.

सर्वसामान्य माणूस असल्या प्रदर्शनाला येतच नाही, असं कोणी म्हटलं तर त्यांना १९३७ सांगा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं होतं, बारा दिवसांत लाखावर माणसं येऊन गेली. तिथे स्वयंपाकघर होतं, न्हाणीघर होतं, खरीखुरी, आत पाय ठेवता येईल अशी. लोकांनी मनातल्या मनात स्वतःची खोली त्याला लावून पाहिली असणार.

म्हणून माझा आवडता उपाय: खऱ्या मापात दाखवा. याला जवळजवळ काही लागत नाही. मलबार हिलचा उन्नत निसर्गमार्ग, २०२५ च्या गुढीपाडव्याला उघडला तो, ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. लांबी सोडा. रुंदी फरशीवर रंगीत टेपने आखा आणि लोकांना समोरासमोरून जाऊ द्या. दोन माणसं सहज जातात. तिसरी व्यक्ती बाबागाडी घेऊन आली की काय होतं ते कळतं, आणि तिकीट काढून ठरलेल्या वेळीच आत सोडण्यामागचं निदान एक कारण तरी पायांना समजतं. वरळीच्या बीडीडी चाळींचंही तसंच. एकशे साठ चौरस फुटांची खोली होती, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. दोन्ही फरशीवर एकात एक आखा. आतल्या चौकोनात खाट, कपाट, मोरी, देव्हारा फक्त टेपच्या रेषेत. चाळीत वाढलेला माणूस तिथे उभा राहिला की बोलायला लागतो, तुम्हाला काही विचारावं लागत नाही. आणि हेही आखा: खोलीबाहेरचा तो लांब सामाईक व्हरांडा, जो नव्या घराच्या चौरस फुटांत कुठेच धरलेला नाही. तो मोठ्या चौकोनाच्या बाहेर राहील, तसाच राहू द्या, त्यावर काही लिहू नका.

कोस्टल रोडचा बोगदा खणणारं 'मावळा' यंत्र १२.१९ मीटर व्यासाचं होतं. एवढा गोल हॉलमध्ये मावणार नाही. मी एकदा शाळेच्या मैदानावर फक्की मारून आखला होता, कबड्डीच्या आखणीसारखा. पाचवीची दोन तुकड्यांची पोरं त्यात हातपाय पसरून झोपली तरी जागा उरली. तुमच्या हॉलजवळ मैदान असेल तर एका रविवारी हे करून बघा. परवानगी लागेल, शाळेचं मैदान असेल तर मुख्याध्यापकांकडून लवकर मिळते.

इथवर सांगितलं ते असं: कामं कमी, प्रत्येकाला एकच 'का', आणि जमेल तिथे खरं माप. आता तुमचं भांडण. मॉडेल की स्क्रीन? चार लाखांत तीस मॉडेल होत नाहीत, सात कामांना सातही लागत नाहीत. दोन करा. ज्या कामात उंचसखलपणा हाच मुद्दा आहे तिथेच मॉडेल, आणि ते मधोमध कापलेलं, आतलं दिसेल असं. पेटी घालू नका. लोक हात लावतील, तुटेल, दोन फेव्हिक्विक ठेवा. स्क्रीनबद्दल माझं मत कडवट आहे, ते तसंच घ्या: प्रत्येक प्रदर्शनात तिसऱ्या दिवशी एक स्क्रीन निळा पडतो आणि त्याचा चार्जर घरी राहिलेला असतो. एकच ठेवा, आणि त्यावर एकाच जागेची चोवीस तासांची चित्रफीत. आवाज नको.

चोवीस तास का, तर आपल्याकडची सार्वजनिक जागा दर तीन तासांनी वेगळी असते. पहाटे वर्तमानपत्रं लावणारे, मग ऑफिसची गर्दी, दुपारी सावलीत झोपलेले, संध्याकाळी भेळ. साठच्या दशकाच्या शेवटी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी फोर्टातल्या फुटपाथांसाठी ओट्यासारख्या चौथऱ्यांची कल्पना मांडली होती: दिवसा फेरीवाल्यांनी बसायचं, संध्याकाळी ते धुऊन काढायचे, रात्री ज्यांना घर नाही त्यांनी तिथे झोपायचं. ते बांधलं गेलं नाही, पण एकाच ओट्याला दोन वेळापत्रकं जोडायची ही रीत तुमच्या पॅनेलवर उचलायला हरकत नाही. प्लॅन एकच, त्यावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन बटरपेपर, वर क्लिप. लोकांना उलटू द्या.

ड्रॉइंगचं काय. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अपील करावं लागलं तर आणखी महिना-दीड महिना धरा, म्हणून अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. पूल आणि मेट्रोची स्ट्रक्चरल ड्रॉइंग सुरक्षेचं कारण सांगून देणार नाहीत. नाही दिली तर राहू देत, तुम्हाला ती लागतच नाहीत. लागतो तो एक ढोबळ सेक्शन आणि निर्णयाचा कागद. दुसरा रस्ता कन्सल्टंटच्या ऑफिसचा. तिथे साहेबांना भेटण्याआधी ज्याने खरंच ड्रॉइंग काढलंय त्या ज्युनियरला भेटा. बाद झालेले पर्याय त्याच्याकडे असतात, आणि तुमच्या प्रदर्शनाचं सोनं तेच. मात्र लावायचे तर ऑफिसची लेखी परवानगी घेऊनच, नाहीतर त्या पोराची नोकरी जायची. तिसरा रस्ता सगळ्यात बरा: टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. सहा जण आहात, दोन रविवारांत एक पूल होतो.

हक्कांबद्दल थोडं. इमारतीचा फोटो किंवा चित्र काढून छापायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं. पण आर्किटेक्टने काढलेली ड्रॉइंग ही वेगळी कलाकृती, ती लावायची तर परवानगी हवी. फोटोग्राफरच्या फोटोचंही तेच. आणि ड्रोनचं वेड असेल तर आधी पोलिसांची परवानगी. मुंबईत ड्रोनवर वेळोवेळी बंदीचे आदेश निघत असतात, आणि फोर्टाच्या आसपास तर नौदलही आहे. गच्चीवरून काढा.

आता मराठी. हा भाग बहुतेक जण शेवटच्या रात्री उरकतात आणि मग प्रदर्शनाला कुणी आलं नाही म्हणून रडतात. खात्याकडून आलेला मजकूर असा असतो: "सदर प्रकल्पांतर्गत पादचाऱ्यांच्या सुलभ संचलनाकरिता उन्नत मार्गाची उभारणी करण्यात आलेली आहे." हे कोणाच्या आईनेही वाचलेलं नाही. तेच असं लिहा: "आधी इथे फाटक उघडायची वाट बघावी लागायची. आता वाट बघावी लागत नाही, पण जिना चढावा लागतो." दोन वाक्यांत फायदा आला, तोटा आला, 'का' आला. इंग्रजीत आधी लिहून मग मराठी करू नका. मराठीत या कामासाठी भरपूर शब्द पडलेत आणि ते वाचणाऱ्याच्या घरातले आहेत: ओटा, कठडा, सज्जा, पडवी, उंबरा, चौथरा, बोळ. 'प्लॅन' आणि 'सेक्शन' मात्र तसेच ठेवा, बिल्डरच्या कृपेने प्लॅन सगळ्यांना कळतो, आणि 'छेद' म्हटलं की शाळेतली भूमिती आठवते.

अक्षरांचं माप: मीटरभर अंतरावरून वाचायचं तर मुख्य मजकूर तीस पॉइंटच्या खाली नको. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. फाँटसाठी पैसे घालवू नका. मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्ता' फुकट आहे आणि भिंतीवर स्वच्छ दिसतो. पॅनेलवर सत्तर-ऐंशी शब्द, त्यापुढे कोणी वाचत नाही. पॅनेलचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, आणि टेबलं ७५ वर, खालून मोकळी, म्हणजे व्हीलचेअर आत जाते.

छपाई सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डावर कराल, सगळेच करतात. पाच मिलीमीटरचा घ्या, तीनचा वाकतो. डबलटेपच्या भरवशावर राहू नका. एकदा एका हॉलमध्ये रात्री एसी बंद केला गेला, भिंत घामेजली आणि सकाळी एकोणीसपैकी अकरा पॅनेल पालथी पडलेली. उद्घाटन अकराला होतं. तेव्हापासून मागे लाकडी पट्टी आणि वरून तार. सुताराला तिसऱ्या दिवसापर्यंत फोनवर ठेवा, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

पैशांबरोबर येणारी एक अडचण सांगते, कारण चार लाख कमी पडणार आणि तुम्ही कोणाकडे तरी जाणार. मी काम केलेल्या एका प्रदर्शनात पैसे देणाऱ्या संस्थेने सांगितलं, फोटोतले पुलाखालचे फेरीवाले काढून टाका. आम्ही फोटोच काढून टाकला आणि तिथे पुलाचं हाताने काढलेलं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं ड्रॉइंग, लावलं, त्यात एकूण एक फेरीवाला: वडापावची गाडी, मोबाइलची कव्हरं, लिंबू-मिरचीवाली. तेच अधिकारी उद्घाटनाला आले, "वा, किती जिवंत चित्र" म्हणाले आणि चित्रासमोर फोटो काढून घेतला. हे दर वेळी जमणार नाही. पैसे घेण्याआधी एका ओळीत लिहून घ्या की मजकूर तुम्ही ठरवाल. ते नाही म्हणाले तर प्रदर्शन लहान करा.

बिघडलेलंही दाखवायचं का, असं तुमच्यातल्या एकीने विचारलंय. हो, पण मिरवू नका. २६ मे २०२५ ला पाऊस लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बघणाऱ्याला हे ठाऊक आहे. तुमच्या पॅनेलवर नसेल तर बाकीच्या ओळींवरही तो विश्वास ठेवणार नाही. तारीख, काय झालं, पुढे काय केलं, एवढंच. विशेषणं नकोत.

जागेबद्दल: फोर्टातला हॉल घ्या, पण सात कामांपैकी निदान तीन ठिकाणी एकेक पॅनेल त्या कामापाशीच लावायचा प्रयत्न करा. वॉर्ड ऑफिस, वाहतूक पोलीस, कधी रेल्वे, सगळीकडे अर्ज आणि चकरा. तीनपैकी एक परवानगी मिळेल. जवळचं दुकान किंवा सोसायटीचं कंपाउंड विचारून बघा, इराणी हॉटेलवाले सहसा नाही म्हणत नाहीत. हॉलच्या वेळा ऑफिसच्या धरा: दुपारी एक ते अडीच आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही तुमची खरी गर्दी, तेव्हा सहाच्या सहा जण हजर हवेत. उद्घाटन रविवारी ठेवू नका. ठेवलंच तर आधी मेगाब्लॉक बघा. माझ्या एका उद्घाटनाला हार्बरवरून येणारे प्रमुख पाहुणे समोसे संपल्यावर पोचले होते.

आणि रखवालदाराशी पहिल्या दिवशी नीट ओळख करून घ्या, त्याला सातही कामं समजावून सांगा. तुम्ही जेवायला गेलात की लोक त्यालाच विचारतात. शिवाय कोण कुठे थांबलं हे फक्त त्याला माहीत असतं. अभिप्रायाच्या वहीत 'छान उपक्रम' यापलीकडे काही येत नाही.

यादी कमी केलीत की इथेच टाका, बघून सांगते. मात्र प्रत्येक नावासमोर तुमच्यापैकी कोण तिथे शेवटचं कधी जाऊन आलं ती तारीख लिहा. आणि जिना असेल तर पायऱ्या.